नकाशावर न दिसणारी वाडी

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण. रायगड जिल्ह्यात काम करणाऱ्या आपल्या कार्यकर्त्या भगिनींनी ते आपल्या वाचकांसाठी लिहून दिले आहे.)





दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहातील मुलींचे निकाल, आरोग्य शिबिरे आणि शिवणवर्ग यांचा वृत्तांत देते. या वेळी तो छापून आपल्या हाती दिला आहे. आज मी जमिनीविषयी बोलणार आहे. आपण ज्या मुलीची फी भरता, ती पुढल्या जूनमध्ये शाळेत येईल की नाही, हे अलीकडे तिच्या घराखालच्या जागेवर ठरू लागले आहे. वाडी उठली की कुटुंब जिथे काम मिळेल तिथे जाते, आणि मुलीचे नाव शाळेच्या पटावरून हळूच कमी होते.

मी ज्या कातकरी बांधवांमध्ये काम करते, ते पेण आणि अलिबागच्या दरम्यानच्या खारेपाटात राहतात. आपल्यापैकी अनेकांनी हा भाग गाडीतून पाहिला असेल. दोन्ही बाजूंना सपाट भातखाचरे, मध्येच जिताड्याची तळी, आणि खाडीच्या कडेला हिरवी कांदळवने. ही जमीन समुद्राकडून मागून घेतलेली आहे. इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या मातीचे बांध घालून खारे पाणी अडवले. बांधाला उघाडी ठेवली, म्हणजे ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाईल आणि भरतीला खारे पाणी आत येणार नाही. बांधाला खांड पडली तर सगळे गाव मातीच्या पाट्या घेऊन धावत असे. पुढे १९७९ मध्ये खारभूमी विकासाचा कायदा झाला आणि बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली. ज्या ठिकाणी खांडी वेळेवर बुजल्या नाहीत, तिथे शेतात खारे पाणी शिरले आणि काही वर्षांत त्या शेतांवर कांदळवन उभे राहिले.

या भागाला जमिनीच्या लढ्याचा मोठा इतिहास आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षे शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते. पुढे कूळकायदा आला, खोती संपली, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून कसणारी कुळे जमिनीची मालक होऊ लागली. ही मोठी न्यायाची गोष्ट झाली. पण कातकरी त्या यादीत क्वचितच होता. तो जंगलात खैराचा कात काढत असे, कोळसा पाडत असे, मालकाच्या शेतावर मजुरी करत असे आणि मालकाने दाखवलेल्या कोपऱ्यात कुडाचे घर बांधून राहत असे. कूळ म्हणून त्याची नोंद नव्हती, त्यामुळे जमीन त्याच्या नावावर झाली नाही. आज रायगडमधील कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर उभ्या आहेत. तीन-चार पिढ्या झाल्या तरी घराखालची जागा कायद्याने त्यांची नाही.

ही परिस्थिती जुनीच आहे. मग आज ती सांगण्याची घाई का? कारण त्या जागेचा भाव बदलला आहे.

मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन जाणारी रो-रो बोट सुरू झाली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या परिसरात नवे नगर वसवण्याचे काम एमएमआरडीएकडे सोपवले गेले. मुंबईहून पूर्वी अर्धा दिवस लागत असे, तिथे आता माणूस सकाळी जाऊन प्लॉट पाहून दुपारी जेवायला घरी येतो. मी विकासाला विरोध करायला उभी नाही. त्याच पुलावरून अडलेली बाळंतीण लवकर मुंबईच्या दवाखान्यात पोहोचू शकते, आणि आमच्या वाडीतल्या चार मुलांना बांधकामावर बारमाही रोजगार मिळाला आहे. पण खाचरात भात होता तोवर कोपऱ्यातल्या चौतीस घरांची कोणाला अडचण नव्हती. खाचराचे प्लॉट पडले की तीच घरे अडचणीची होतात.

वाडी कशी उठते, हे मी आपल्याला सांगते. बुलडोझर फार क्वचित येतो. आधी जमिनीचा व्यवहार होतो, तो वाडीला कळत नाही. मग मोजणीचे दगड लागतात. मग तारेचे कुंपण येते, आणि खाडीकडे जाणारी पाऊलवाट बंद होते. आमच्या एका वाडीत या फेब्रुवारीत हेच झाले. तिथल्या बाया ओहोटीला खाडीत उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवे धरतात आणि बाजारात विकतात. पाऊलवाटेने खाडी दहा मिनिटांवर होती. आता वळसा घालून पाऊण तास लागतो. ओहोटी कोणासाठी थांबत नाही, त्यामुळे पकडण्याचा वेळ तेवढाच कमी झाला. त्यानंतर विहिरीचा प्रश्न येतो. शेजारी बंगले झाले, बोअर खोल गेल्या. किनाऱ्यालगत जमिनीखालचे गोडे पाणी मर्यादेबाहेर उपसले की त्याच्या जागी खारे पाणी सरकत येते. विहीर मचूळ झाली की वाडीत राहणे कठीण होते. शेवटी कोणीतरी येऊन घरामागे थोडे पैसे देऊ करतो, आणि लोक आपण होऊन गेले अशी नोंद होते.

आपण विचाराल, कायदा नाही का? आहे. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाची कलमे ३६ आणि ३६-अ त्यासाठीच आहेत. परंतु हे संरक्षण आदिवासीच्या नावावर असलेल्या जमिनीला मिळते. ज्याच्या नावावर काहीच नाही, त्याचे ही कलमे काय रक्षण करणार? पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी हे अनुसूचित क्षेत्र असल्यामुळे तिथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार आहेत. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, म्हणून तेही बळ आमच्याकडे नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशातील ७५ अतिमागास आदिवासी समूहांसाठी पीएम-जनमन योजना सुरू केली. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे त्यात आहेत. योजनेत घरकुल आहे आणि ती चांगली योजना आहे. पण घरकुल बांधायला जागा लागते. आमच्या वाडीत मंजुरीची यादी आली आणि पहिलाच प्रश्न निघाला, जागेचा कागद कुठे आहे? एक आजी मला म्हणाल्या, “ताई, आमी हितलेच. पण हितले म्हनून लिवलंय कुठं?”

त्या आजींचा प्रश्न किनाऱ्याच्या सगळ्या नियोजनाला विचारण्यासारखा आहे. किनाऱ्यावर काय बांधावे आणि काय बांधू नये, हे सीआरझेडच्या अधिसूचनेने ठरते. पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. नव्या अधिसूचनेत नियम सैल झाले. खाडीकाठी पूर्वी भरतीच्या रेषेपासून १०० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका पट्टा, यांपैकी जो कमी तो, नियमनाखाली होता. आता ते १०० मीटर ५० वर आले आहेत. म्हणजे खाडीच्या कडेची जी जागा पूर्वी प्लॉट पाडण्यास अवघड होती, ती मोकळी झाली. वाडी नेमकी त्याच जागेत असते.

या अधिसूचनेबरोबर प्रत्येक जिल्ह्याचा किनारा व्यवस्थापन आराखडा तयार होतो. त्याचा मुख्य नकाशा १:२५,००० या प्रमाणात असतो. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अडीचशे मीटर. आमची चौतीस घरांची वाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत शंभर मीटर भरते. त्या नकाशावर ती चार मिलिमीटर होते. पेन्सिलीचा एक ठिपका! स्थानिक पातळीचा नकाशा १:४,००० चा असतो, त्यावर हीच वाडी अडीच सेंटिमीटर होते आणि तिथे घरे, विहीर, वाट दाखवता येतात. कोळीवाडे, मासे सुकवण्याची जागा, मच्छीमारांच्या सामाईक जागा आराखड्यात दाखवाव्यात, अशी तरतूदही आहे. परंतु कातकरी बाई हाताने मासे धरते. होडी नाही म्हणून होडीचा परवाना नाही, आणि मच्छीमार संस्थेत नाव नाही. म्हणून मच्छीमारांच्या जागा मोजताना तिची जागा कोणी विचारत नाही.

आराखड्यावर हरकती मागवतात, जनसुनावणी होते. पण कधी? सरकारी कामाचा जोर हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात असतो. आमची माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. ज्या महिन्यांत पाहणी होते, त्या महिन्यांत वाडीत म्हाताऱ्या माणसांखेरीज कोणी नसते. पाहणी करणारा दारांना कडी पाहतो आणि वस्ती नाही असे लिहून जातो. त्याच्या मनात वाईट असेलच असे नाही.

यादीत नाव नसण्याची किंमत किती असते, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. ती ठाकूर बांधवांची वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. किनाऱ्यावर धोका डोंगराचा नसून पाण्याचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि आमच्या वाड्यांचे पत्रे शेतात जाऊन पडले. त्या दिवसांत ज्याच्या घराला घरपट्टीची पावती होती त्याचा पंचनामा लवकर झाला, बाकीच्यांसाठी आम्ही आठवडे हेलपाटे घातले.

बंधुभगिनींनो, शाश्वत नियोजन हा शब्द कठीण वाटतो. खारेपाटातला जुना शेतकरी तो शब्द न वापरता पाळत होता. पाण्याला यायला आणि जायला जागा ठेवायची. ज्या उघाडीतून शंभर एकरांचे पाणी जाते तिच्या तोंडावर भराव टाकला, तर पाणी वरच्या वस्तीत थांबणार. कांदळवन भरतीच्या आणि वादळाच्या लाटेचा जोर कमी करते, आणि त्याच्या मुळांत माशांची पिल्ले वाढतात. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये कांदळवनाच्या नाशाला मनाई केली आणि त्याभोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवण्यास सांगितले. आम्ही वाडीतल्या बायांनाही सांगतो की सरपणासाठी कांदळवन तोडू नका, ज्या झाडाखाली चिंबोरी मिळते ते झाड राखा. त्या हे आमच्यापेक्षा चांगले जाणतात. निसर्ग राखणे आणि गरिबाला राखणे ही खाडीवर दोन वेगळी कामे नाहीत. भराव टाकणारा दोघांचेही नुकसान एकाच डंपरने करतो.

आता आम्ही काय करतो ते सांगते. गेल्या पावसाळ्यात आम्ही वाडीतल्या बायांबरोबर बसून वाडीचा नकाशा काढला. आधी जमिनीवर खडूने, मग कागदावर. घरे, विहीर, देवाची जागा, मसणवट, खाडीची वाट, ओहोटीला कालवे मिळतात ते खडक, पावसाळ्यात पाणी कुठवर चढते ती रेघ. त्यांना लिहिता येत नाही, पण त्यांनी सांगितलेल्या जागा आम्ही मोबाईलवर नोंदवल्या आणि गटनंबराच्या नकाशावर बसवल्या. त्यातून तीन अर्ज तयार झाले. पहिला, महसूल अधिनियमाच्या कलम १२२ खाली वाडीची जागा गावठाण म्हणून ठरवावी असा. दुसरा, स्थानिक किनारा नकाशात वाडी आणि तिची वाट दाखवावी असा. तिसरा, खाडीलगतचे कांदळवन राखीव वन म्हणून जाहीर झालेले असल्यामुळे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मासे धरण्याच्या सामूहिक हक्काचा. त्या कायद्यात जलाशयातील मासे आणि इतर उत्पादनांचा उल्लेख स्पष्ट आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

अर्ज मंजूर झालेले नाहीत. जमिनीच्या नव्या मालकाने आपली बाजू मांडली आहे, आणि त्यानेही पैसे मोजलेले आहेत. दिवाळी तीन आठवड्यांवर आली आहे. त्यानंतर भट्टीवाल्यांच्या गाड्या येतील. त्याआधी ग्रामसभेचा ठराव, प्रत्येक घराचा रहिवासाचा पुरावा आणि दोन वडीलधाऱ्यांचे जबाब जोडले, तर फाईल पुढे सरकेल. नाही जोडले, तर जूनपर्यंत वाट पाहावी लागेल, आणि जूनपर्यंत कुंपण कुठवर येईल हे मी सांगू शकत नाही.

या कामात मला गणना या पुस्तकातील २७ वा अध्याय पुन्हा पुन्हा आठवतो. इस्राएल लोक यार्देनेच्या अलीकडे तळ देऊन होते. देशाची वाटणी व्हायची होती, आणि ती शिरगणतीच्या यादीप्रमाणे व्हायची होती. सलाफहादाला मुलगे नव्हते, पाच मुली होत्या. यादी पुरुषांची होती, म्हणून त्यांच्या बापाचे नाव वाटणीतून गळणार होते. त्या पाच बहिणी दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सरदार आणि सर्व मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपला वाटा मागितला. मोशेने ते गाऱ्हाणे देवापुढे नेले. देवाने सांगितले की या मुलींचे म्हणणे बरोबर आहे, आणि त्यांच्यासाठी नियम बदलला.

डिप्लोमाच्या वर्गात आम्ही हा भाग वारसाहक्काच्या धड्यात शिकलो होतो. वाडीत काम करताना मला त्यातली वेळ लक्षात आली. त्या बहिणी वाटणीच्या आधी आल्या. जमीन वाटून झाल्यावर आल्या असत्या तर त्यांच्याविषयी सर्वांना वाईट वाटले असते, पण देण्यासाठी काही उरले नसते. आपली सेवा पुष्कळदा वाटणी झाल्यावर सुरू होते. उठलेल्या वाडीला आपण चादरी देतो, डाळ-तांदूळ देतो. ते द्यावेच लागते. पण नकाशा काढला जात असताना त्यांच्या शेजारी उभे राहणे, ही त्याहून आधीची सेवा आहे.

शेवटी आपल्याशी थोडे स्पष्ट बोलते. आपण माझे आहात म्हणून बोलते. या सभागृहातील काही कुटुंबांनी अलिबागकडे जागा पाहिल्याचे मला माहीत आहे. काही मंडळ्या शिबिरस्थळासाठी जागा शोधत आहेत. जागा घेणे पाप नाही. पण पैसे देण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार काढा, आणि आधी कोणी आदिवासी खातेदार होता का ते पाहा. इतर हक्कांचा रकाना वाचा. जागा एकदा भर पावसात आणि एकदा मार्चमध्ये पाहा, म्हणजे पाणी कुठून जाते आणि माणसे कुठून जातात ते कळेल. जागेवर घर, विहीर, मसणवट किंवा पायवाट असेल, तर दलालाला न विचारता तिथल्या माणसांना विचारा. भराव टाकल्याशिवाय बांधता येणार नसेल, तर ती जागा बांधायची नाही असे समजा. आणि आधीच घेतलेल्या जागेतून एखादी वाट जात असेल, तर ती लेखी मोकळी ठेवा. शेजाऱ्याच्या शेताची हद्द सरकवू नये, ही नियमशास्त्रातील आज्ञा कुंपणाच्या तारेलाही लागू आहे.

या वर्षी माझी मागणी पैशांची थोडी आणि माणसांची जास्त आहे. मोजणीची फी आणि कागदांच्या नकला यासाठी निधी लागेल. त्याहून अधिक गरज आहे ती आपल्यातल्या निवृत्त तलाठ्यांची, भूमापकांची, वकिलांची आणि नकाशे वाचू शकणाऱ्या तरुणांची. दिवाळीपूर्वीचे तीन शनिवार जर पाच-सहा जण देऊ शकले, तर चौतीस घरांचे कागद पूर्ण होतील. नावे आज मेळावा संपल्यावर बाहेरच्या टेबलापाशी घेतली जातील. चहा झाल्यावर कृपया तिकडे या.

प्रार्थनेसाठी तीन विषय देते. वाडीतल्या लोकांनी थोड्या पैशांसाठी घाईने अंगठा देऊ नये. तहसील कार्यालयातील अधिकाऱ्यांना फाईल नीट वाचण्याची सवड आणि बुद्धी मिळावी. आणि ज्यांनी ती जमीन घेतली आहे, त्यांचे मन वाट मोकळी करण्याइतके मऊ व्हावे.

 प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.